शिळा होणे : एका शब्दप्रयोगाचा इतिहास

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली संस्कृत महाकोशाचे काम सुरू झाले आणि १९७६ मध्ये त्याचा पहिला खंड निघाला. शब्दाचे प्रयोग कालानुक्रमे मांडून त्याचा अर्थविकास दाखविणे हे त्या कोशाचे तत्त्व होय. हेच तत्त्व 'शिळा होणे' या प्रयोगाला लावले, तर रूढ समजाला धक्का बसतो.

अहल्या म्हटली की शिळा आठवते. तथापि वाल्मीकिरामायणाच्या बालकांडात ती शिळा होत नाही. अदृश्य राहून, वायुभक्षण करीत, भस्मात पडून ती तप करते. शापाचा अंत झाल्यावर रामलक्ष्मणच तिच्या चरणांना स्पर्श करतात. कालिदासाच्या 'रघुवंशा'त मात्र गौतमपत्नी शिलामयी झालेली दिसते, आणि रामाच्या चरणरजाने तिला पूर्वरूप लाभते. पुढे लोकमानसात हीच कथा स्थिरावली. या स्थित्यंतरात स्पर्शाची दिशा उलटली : जिचे पाय धरले गेले, ती पायाच्या स्पर्शाची वाट पाहणारी ठरली. तपस्विनीला तप असते; शिळेला केवळ प्रतीक्षा असते. एका शब्दाने तिचे कर्तृत्व हिरावून घेतले.

मराठीने या कल्पनेला दोन क्रियापदे दिली. 'शिळा होणे' यात कर्ता असूनही कर्तृत्व नाही. जे होते ते दुसऱ्याच्या शापाने होते. उलट 'काळजाचा दगड करणे' या प्रयोगात सोसणारी व्यक्ती स्वतःच कर्ता असते. मुलीची पाठवणी करणारी आई काळीज दगडाचे करते, तेव्हा ती निर्दय होत नाही. कोसळू नये म्हणून ती घट्ट होते. विवाहातील अश्मारोहणाच्या विधीतही वधूला दगडावर पाऊल ठेवावयास लावतात, ते तिला स्थैर्य लाभावे म्हणून. एकाच दगडात असा शापही आहे आणि आधारही.

समीक्षेत रूढ झालेल्या 'अश्मीभूत' या विशेषणाचा विचारही येथे अपरिहार्य ठरतो. निष्प्राण संकेतांना ते दूषण म्हणून लावले जाते. परंतु पाणिनीय व्याकरणानुसार हा 'च्वि'प्रत्ययान्त प्रयोग आहे, आणि त्याचा अर्थ 'अभूततद्भाव', म्हणजे जे पूर्वी तसे नव्हते ते तसे होणे. म्हणून मुळातल्या दगडाला अश्मीभूत म्हणता येत नाही. भूशास्त्राचा अनुभवही हाच आहे : खनिजद्रव्ये झिरपून लाकडाचा दगड होतो, तरी त्याची पेशीरचना ओळखता येते.

तेव्हा एखाद्या परंपरेला अश्मीभूत म्हणणाऱ्याने ती पूर्वी काय होती, हे सांगण्याची जबाबदारीही पत्करलेली असते. अहल्येच्या बाबतीत ती जबाबदारी दीर्घकाळ टाळली गेली. शिळेची पूजा झाली, तिचा उद्धारही गायिला गेला. त्याआधीचे तिचे तप मात्र विस्मरणात गेले.