वळिवडे छावणीतील निवासव्यवस्था : निर्वासितांची दैनंदिन काळजी वाहणाऱ्यांचा इतिहास

प्रस्तावना

निर्वासितांचा इतिहास सामान्यतः दोन टोकांकडून लिहिला जातो. एका टोकाला करार, सीमारेषा, सैन्याच्या हालचाली आणि सरकारी ठराव असतात. दुसऱ्या टोकाला घर सोडावे लागलेल्या माणसांच्या आठवणी असतात. या दोहोंच्या मध्ये एक मोठा व्यवहार घडत असतो. नव्याने आलेल्या कुटुंबाला खोली दाखविणे, पांघरूण व भांडी देणे, आजाऱ्याला दवाखान्यात नेणे, शिधा कोठे व कसा मिळतो हे समजावून सांगणे, रात्री दचकून उठणाऱ्या मुलाजवळ बसणे, या गोष्टींची नोंद दप्तरात क्वचितच होते. हे काम करणाऱ्यास आज अनेक देशांत निवास-साहाय्यक असे पदनाम आहे, वेतन आहे आणि काही प्रमाणात प्रशिक्षणही आहे. १९४० च्या दशकातील हिंदुस्थानात असे पद नव्हते. काम मात्र होते आणि ते कोणीतरी करीत होते.

प्रस्तुत लेखात कोल्हापूरजवळील वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात असलेल्या पोलिश निर्वासितांच्या छावणीच्या अनुषंगाने या कामाचा विचार केला आहे. जामनगरजवळील बालाचडी येथील मुलांची छावणी आणि फाळणीनंतरच्या छावण्या यांचा उल्लेख तुलनेपुरता येईल. या विषयाच्या साधनांपैकी दोन महत्त्वाची. हिंदुस्थानात राहून गेलेल्या पोलिश रहिवाशांच्या संघटनेने आठवणी व कागदपत्रे एकत्र करून सिद्ध केलेला मोठा ग्रंथ हे पहिले आणि डॉ. अनुराधा भट्टाचार्य यांचे २०१२ साली प्रसिद्ध झालेले संशोधन हे दुसरे. पहिल्या ग्रंथातील आठवणी लिहिणारे बहुतेक जण छावणीत असताना लहान किंवा पौगंडावस्थेत होते, ही बाब ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. मुलाला वाढणारा हात आठवतो. त्या हाताने रात्री कोणते तक्ते भरले हे त्याला ठाऊक नसते. त्यामुळे काळजीवाहकाचे चित्र आपल्यापर्यंत पोहोचते ते अर्धेच.

पार्श्वभूमी

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीपाठोपाठ सोव्हिएत संघाने पोलंडचा पूर्व भाग व्यापला. १९४० व १९४१ या दोन वर्षांत तेथील लक्षावधी पोलिश नागरिकांना सैबेरिया, कझाकस्तान व उत्तरेकडील वनप्रदेशांत हद्दपार करण्यात आले. जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केल्यावर परिस्थिती पालटली. ३० जुलै १९४१ रोजी लंडनमध्ये निर्वासित पोलिश सरकार व सोव्हिएत सरकार यांच्यात करार झाला, हद्दपारांची मुक्तता झाली आणि जनरल आंदेर्स यांच्या नेतृत्वाखाली पोलिश सेना उभी राहू लागली. १९४२ मध्ये ही सेना कॅस्पियन समुद्रमार्गे इराणात गेली, तेव्हा तिच्याबरोबर हजारो स्त्रिया, मुले व वृद्धही गेले. काही मुलांना अश्काबादहून खुष्कीच्या मार्गाने थेट हिंदुस्थानात आणले गेले. सैन्यात दाखल झालेले पुरुष पुढे इटलीच्या आघाडीवर गेले आणि त्यांची कुटुंबे युद्ध संपेपर्यंत कोठे ठेवावयाची, हा प्रश्न उरला. वळिवडे हे त्या प्रश्नाचे एक उत्तर होते. त्यामुळेच तेथील वस्तीत स्त्रिया व मुले यांचेच प्राबल्य दिसते.

बालाचडीचा अनुभव

१९४२ मध्ये मुलांची पहिली तुकडी मुंबईत आली. पोलंडचे मुंबईतील वाणिज्यदूत एउगेनिउश बानासिन्स्की आणि पोलिश रेडक्रॉसचे काम पाहणाऱ्या त्यांच्या पत्नी किरा बानासिन्स्का यांनी मुलांची तात्पुरती सोय वांद्रे येथे केली. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे जागा दिल्यावर मुले तिकडे गेली. जामसाहेबांच्या औदार्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे व ते योग्यच आहे. परंतु जामसाहेब रोज छावणीत राहत नव्हते. तेथे राहत होते ते धर्मगुरू फादर फ्रान्सिशेक प्लुता, पोलिश शिक्षिका आणि परिचारिका, म्हणजे त्याच हद्दपारीतून वाचलेली माणसे.

या मुलांच्या आठवणींत एक गोष्ट वारंवार येते. पुरेसे अन्न मिळू लागल्यानंतरही मुले पावाचे तुकडे उशाखाली दडवून ठेवीत. वसतिगृहाच्या शिस्तीच्या दृष्टीने ही अस्वच्छता होय, मुंग्यांना निमंत्रण होय. पण ज्यांनी उपासमारीत भावंडे गमावली त्यांच्या दृष्टीने तो तुकडा म्हणजे उद्याची शाश्वती होती. तो काढून घ्यावा की राहू द्यावा, हा प्रश्न कोणत्याही नियमावलीत सुटणारा नव्हता. निवासातील काळजीवाहकाचे काम नेमके येथे सुरू होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. दुसरी आठवण त्या मानाने हलकी आहे. वारंवार पालक वाढला जाऊ लागल्यावर मुलांनी जेवणावर बहिष्कार टाकला आणि जामसाहेबांनी तो बंद करण्यास सांगितले, असे सांगितले जाते. काही महिन्यांपूर्वी मिळेल ते खाणारी मुले आता पालक नको म्हणून रुसतात, ही त्या छावणीच्या यशाची खूणच म्हणावी लागेल.

वळिवडे : खोली, चूल आणि भत्ता

वळिवड्याचे स्वरूप वेगळे होते. येथे केवळ अनाथ मुले नव्हती, कुटुंबे होती आणि लोकसंख्या सुमारे ५,००० पर्यंत गेली होती. १९४३ च्या पावसाळ्याच्या सुमारास पहिल्या तुकड्या येऊ लागल्या. पंचगंगेच्या परिसरातील मोकळ्या जमिनीवर लांबच लांब बराकी उभारण्यात आल्या. त्यांवर कौले होती, भिंती बहुतांशी चटयांच्या होत्या आणि प्रत्येक बराकीचे भाग पाडून ते कुटुंबांना देण्यात आले होते. प्रत्येक भागाला स्वतःची चूल आणि पुढे ओसरी होती. चर्च, दवाखाना, प्राथमिक शाळांपासून माध्यमिक व व्यावसायिक शिक्षणापर्यंतची सोय, नाट्यगृह, बालवीरांची पथके आणि दुकाने अशी ही एक छोटी नगरीच होती. क्षयाची बाधा झालेल्या वा प्रकृतीने खालावलेल्या मुलांसाठी पाचगणीच्या हवेचा उपयोग करून घेतला गेला.

या व्यवस्थेत चूल ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट होती, असे वाटते. इराणमधील तात्पुरत्या छावण्यांत सामुदायिक स्वयंपाकघरे होती. रांगेत उभे राहावयाचे व मिळेल ते घ्यावयाचे. वळिवड्यात कुटुंबाला रोख भत्ता मिळे आणि बाजारहाट त्याचे त्याने करावयाचा असे. वरवर पाहता ही प्रशासकीय सोय होती. प्रत्यक्षात तिने साहाय्य करणारा व साहाय्य घेणारा यांचे नातेच पालटले. सामुदायिक भटारखान्यात काळजीवाहक हा वाढपी असतो आणि वाढपी म्हटला की कमी-अधिक वाढल्याची तक्रार आलीच. भत्ता हाती आल्यावर स्त्रीने काय शिजवावे हे तीच ठरवू लागली. काळजीवाहकाकडे उरले ते समजावून सांगण्याचे, मध्यस्थीचे आणि आजारी, वृद्ध व एकाकी यांच्याकडे लक्ष देण्याचे काम. आसपासच्या गावांतील विक्रेते भाजी, दूध, अंडी घेऊन येत आणि व्यवहारापुरती पोलिश भाषा बोलू लागले, याचे उल्लेख आठवणींत आहेत. दुभाष्यांचे काम त्यांनी आपोआप हलके केले.

छावणीची अंतर्गत व्यवस्था बहुतांशी पोलिश लोकांच्याच हाती होती. शिक्षिका, परिचारिका, अनाथगृहातील पालिका, कार्यालयातील कारकून हे सर्व निर्वासितांमधूनच आले. यात लाभ उघड आहे. भाषा एक, श्राद्धपक्षासारखे मृतांचे स्मरणदिन एक, नाताळची पद्धत एक. मुख्य म्हणजे सैबेरिया म्हणजे काय हे सांगावे लागत नव्हते. परंतु यातील ताण सहसा लक्षात घेतला जात नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांना धीर देणारी शिक्षिका संध्याकाळी स्वतःच्या खोलीत परतत होती, तेव्हा तिचा पती आघाडीवर होता आणि पत्र कधी येईल हे तिलाही ठाऊक नव्हते. आज अशा कामात साहाय्यकाने 'अंतर राखावे' असे शिकविले जाते. वळिवड्यात अंतर राखण्यासाठी जागाच नव्हती. दोघींमध्ये एक चटईची भिंत होती.

येथे एक प्रचलित समज तपासणे इष्ट आहे. कोल्हापूर दरबाराने या निर्वासितांना पोसले, असे अनेकदा लिहिले जाते. छावणी संस्थानच्या हद्दीत होती आणि संस्थानचे सहकार्य तिला लाभले, हे निर्विवाद. तथापि छत्रपती राजाराम महाराजांचे १९४० मध्ये निधन झाले होते आणि छावणीच्या उभारणीच्या काळात गादीवर अल्पवयीन वारस होते. छावणीचा खर्च प्रामुख्याने लंडनमधील निर्वासित पोलिश सरकारच्या नावे, ब्रिटिश कर्जाच्या आधारे होत होता. बालाचडीचे तसे नव्हते. तेथे संस्थानिक व दानशूर हिंदी नागरिकांच्या देणग्यांचा वाटा मोठा होता. दोन छावण्यांचा इतिहास एकाच गौरवकथेत मिसळला की दोघांवरही अन्याय होतो.

दुसरी बाजूही नजरेआड करता येत नाही. १९४३ हे बंगालच्या दुष्काळाचे वर्ष. शेजारच्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकारची चळवळ जोरात होती. संस्थानात प्रजापरिषदेच्या मागण्या होत्या आणि जनतेला नियंत्रित धान्यावर दिवस काढावे लागत होते. एका साम्राज्याने देशोधडीला लावलेल्या लोकांना दुसरे साम्राज्य, स्वतःच्या पारतंत्र्यात असलेल्या भूमीवर, आश्रय देत होते. अशा काळात बराकी बांधणारे स्थानिक मजूर आणि दूध घालणारे गवळी यांनी या गोऱ्या बायका-मुलांकडे कोणत्या नजरेने पाहिले असेल? पोलिश आठवणींत स्थानिक लोकांच्या सौजन्याचाच उल्लेख अधिक येतो. स्थानिक बाजूने लिहिलेले त्या तुलनेने फारच थोडे आहे.

१९४५ नंतर

जुलै १९४५ मध्ये ब्रिटन व अमेरिका यांनी वॉर्सा येथील नव्या सरकारला मान्यता दिली आणि लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता संपुष्टात आली. छावणीतील कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने याचा अर्थ असा की ज्या शासनाच्या वतीने ते काम करीत होते ते शासनच आता कायद्याने उरले नाही. छावणीची जबाबदारी प्रथम ब्रिटिशांकडे आणि पुढे आंतरराष्ट्रीय साहाय्य संस्थांकडे गेली. मायदेशी परत जाण्याचा आग्रह वाढू लागला. परंतु बहुतेकांची गावे युद्धोत्तर सीमांनुसार सोव्हिएत संघात गेली होती. परत जावयाचे म्हणजे कोठे, हा प्रश्न होता. बालाचडीच्या अनाथ मुलांना बळजबरीने परत पाठविले जाऊ नये म्हणून फादर प्लुता, जामसाहेब व ब्रिटिश संपर्क अधिकारी जेफ्री क्लार्क यांनी त्यांचे कायदेशीर पालकत्व स्वीकारले, ही घटना भट्टाचार्य यांनी नोंदविली आहे. काळजीवाहक हा व्यवस्थेचा नोकर की सोपविलेल्या माणसांचा विश्वस्त, याचा निर्णय तेथे कृतीने झाला. १९४६ मध्ये बालाचडी बंद होऊन तेथील मुले वळिवड्यास आली. १९४८ पर्यंत वळिवडेही रिकामे झाले. काही जण पोलंडला परतले, सैनिकांची कुटुंबे ब्रिटनला गेली, काहींना पूर्व आफ्रिकेतील छावण्यांत हलविण्यात आले. अनेक जण पुढे ऑस्ट्रेलिया, कॅनडा व अमेरिकेत स्थिरावले.

त्याच बराकी, दुसरे निर्वासित

६ जानेवारी १९४८ च्या कराचीतील दंगलीनंतर सिंधमधून मुंबईकडे येणाऱ्यांचा ओघ वाढला. कल्याणजवळील लष्करी बराकींत सुमारे लाखभर सिंधी माणसे राहू लागली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. गोणपाटाचे पडदे लावून एका बराकीत अनेक कुटुंबांनी संसार मांडले. याच काळात मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतील अध्यापक व विद्यार्थी कुरुक्षेत्राच्या छावणीत कामासाठी गेले. निर्वासितांच्या छावणीत प्रशिक्षित समाजकार्यकर्ता पाठविण्याचा हा आपल्याकडील आरंभीचा प्रयत्न होय. कल्याणसारख्या छावणीचा व्याप पाहता असे कार्यकर्ते समुद्रात खसखस म्हणावेत इतकेच होते. नोंदणी आणि शिधा यांतच सरकारी यंत्रणेची शक्ती खर्च होई; उरलेली काळजी सिंधी पंचायतींनी, नातलगांनी व शेजाऱ्यांनी वाहिली. 'शरणार्थी' या शब्दाचा या लोकांना राग येई. आम्ही 'पुरुषार्थी' आहोत, असे ते म्हणत. साहाय्य घेणाऱ्याने साहाय्याच्या भाषेलाच घेतलेली ही हरकत होती आणि तिचा पुरेसा अभ्यास अद्याप झालेला नाही.

वळिवड्याच्या रिकाम्या बराकीही सिंधी कुटुंबांना देण्यात आल्या. पोलिश स्त्रियांनी जेथे चुली मांडल्या होत्या तेथेच त्यांनी चुली मांडल्या, आणि ती वस्ती गांधीनगर झाली. आज पश्चिम महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकातील व्यापारी कापडाच्या घाऊक खरेदीसाठी तेथे येतात. पोलंडमध्येही या गावाची स्मृती आहे. वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावाने स्मारक आहे आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले. गांधीनगर व वळिवडे परिसरातील जुन्या घरांत छावणीला दूध, भाजी घालणाऱ्यांची मुले-नातवंडे आहेत, तसेच सिंधहून बालवयात आलेले वयोवृद्धही आहेत. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातील संस्थानी दप्तरे त्यांच्या सांगण्याशी ताडून पाहण्याचे काम परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना सहज हाती घेता येईल. वयोवृद्धांच्या मुलाखतींना मात्र आता फार वर्षे थांबता येणार नाही.