परतीच्या अटीची कुळकथा

वसई-विरारच्या तरुण डॉक्टरला अमेरिकेत रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातलं पदव्युत्तर प्रशिक्षण, करायची, तर मुख्यतः दोन व्हिसा समोर असतात. एच-१बीसाठी यूएसएमएलई या अमेरिकी वैद्यक परवाना परीक्षेची तिसरी पायरी आधीच पार केलेली असावी लागते, आणि अर्ज भरायला रुग्णालय राजी असावं लागतं. सप्टेंबर २०२५ पासून परदेशातून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलर शुल्क लागल्याने ही वाट फार महाग झाली आहे. दुसरा जे-१. तो तुलनेने सोपा, पण त्याला एक अट चिकटलेली आहे : शिक्षण संपलं की दोन वर्षं मायदेशी राहायचं. ही अट बहुतेकांना निव्वळ अडसर वाटते. तिचं कूळ पाहिलं, तर ती मुळात एक वचन होती असं दिसतं. ते वचन आज पोकळ झालं आहे ते डॉक्टरांमुळे कमी आणि आपल्या व्यवस्थेमुळे अधिक.

या वचनाचा आपल्याकडचा मूळपुरुष म्हणजे एक स्त्री आहे. आनंदीबाई जोशी कल्याणच्या; वसई आणि कल्याण २०१४ पर्यंत एकाच ठाणे जिल्ह्यात होती. १८८३ साली त्या वैद्यक शिकायला फिलाडेल्फियाला निघाल्या तेव्हा त्यांना कुणी व्हिसा मागितला नाही, परतीची अटही घातली नाही. तरी निघण्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या भर सभेत, शिकून परत येऊन इथल्या स्त्रियांसाठी काम करीन, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. मार्च १८८६ मध्ये पदवी मिळाली, आणि कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांच्यासाठी ठेवलेली होती. फेब्रुवारी १८८७ मध्ये क्षयाने त्यांना नेलं, पण वचन आणि जागा दोन्ही खरी होती.

पुढे वचनाचा कायदा झाला. १९४८ च्या अमेरिकी कायद्याने देशादेशांत शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांची देवाणघेवाण सुरू केली. पाहुणे तिथेच राहू लागले म्हणून १९५६ मध्ये दोन वर्षांची अट आली, आणि १९६१ च्या कायद्याने या व्हिसाला ‘जे’ हे अक्षर मिळालं. १९७६ मध्ये डॉक्टरांसाठी मायदेशाचं ना-हरकत पत्र आणून अट माफ करून घेण्याची पळवाटही बंद झाली. उलट, या विषयाच्या डॉक्टरांची देशाला गरज आहे आणि उमेदवाराने परतण्याची हमी दिली आहे, असं मायदेशाच्या सरकारचं गरजपत्र व्हिसासाठी लागू लागलं. १९९४ मध्ये सिनेटर केंट कॉनराड यांच्या नावाच्या योजनेने नवी सूट दिली : डॉक्टर-टंचाई असलेल्या अमेरिकी भागात तीन वर्षं काम करा, परतीची अट माफ. आधी दर राज्याला वर्षाला २० जागा होत्या, आता ३० आहेत. मायदेशाच्या गरजेपोटी घातलेली अट अशी अमेरिकी खेड्यांची गरज भागवू लागली.

यावर कुणी म्हणेल, तिथला पगार आणि पुढचं ग्रीन कार्ड हेच खरं आमिष. त्याची बरोबरी आपण करू शकत नाही. ते खरंच आहे. पण कॉनराड योजनेत पैशाखेरीज आणखी काही आहे : ठरलेलं गाव, ठरलेलं रुग्णालय, ठरलेली मुदत. आपलं गरजपत्र देशाला गरज आहे एवढंच सांगतं. कुठल्या गावाला, हे सांगत नाही. दुसरा आक्षेप असा, की स्वतःच्या खर्चाने शिकलेल्याला कुणी का बांधावं? बांधू नयेच; बांधून उपयोगही होत नाही. महाराष्ट्रात सरकारी महाविद्यालयातल्या एमबीबीएसना एक वर्ष सेवा किंवा १० लाख रुपये असा बॉन्ड होता. पैसे भरून सुटता येणारी सक्ती रुग्णाला डॉक्टर देत नाही. ठेवलेली जागा मात्र देऊ शकते.

वसईच्याच पालघर जिल्ह्यात जव्हार आणि मोखाडा आहेत. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी १९९२ साली महाराष्ट्र हादरला होता. बालरोग शिकायला निघालेल्या डॉक्टरच्या गरजपत्रावर जव्हारचं नाव, तिथलं पद आणि रुजू होण्याचं वर्ष लिहिलेलं असावं. १८८६ मध्ये कोल्हापूर संस्थानाला जे जमलं, ते आज सरकारला जमायलाच हवं.