वैमानिकाचा पोशाख

श्रोतेहो, आमच्या तळवड्याच्या घरी माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक असे. माझ्या लहानपणी त्या ट्रंकेत एक चमत्कारिक कानटोपी पडलेली होती. खाकी सुती कापडाची, दोन्ही कानांवर गोल फुगवटे असलेली, आणि मागे मानेवर रुळणारा एक पदर असलेली. आजोबा देहूरोडच्या लष्करी डेपोत कामाला होते. पहाटे सायकल काढायची आणि डेपो गाठायचा. थंडीच्या दिवसांत इंद्रायणीकाठचा वारा कसा झोंबतो, हे इकडच्या मंडळींना सांगायला नको. महायुद्ध संपल्यावर पुण्याच्या जुन्या बाजारात लष्करी सामान विक्रीला येऊ लागलं, त्यातून काही आण्यांना त्यांनी ही टोपी घेतली. कानाला वारा लागत नाही, एवढाच त्यांच्या लेखी तिचा गुण.

पुढे ती आम्हां मुलांच्या हाती आली. मी तिचा एक फुगवटा उसवला आणि आत काय आहे ते पाहिलं. काही नव्हतं. आईने एकदा ती सोड्यात घालून खसाखसा धुतली. आतल्या अस्तरावर शाईने लिहिलेली काही पुसट अक्षरे होती, ती त्या धुण्यात पार गेली. कॉलेजात इतिहास शिकवू लागल्यावर एका पुस्तकात तसलीच टोपी चित्रात दिसली, तेव्हा कळलं की ही उष्ण प्रदेशात विमान चालवणाऱ्या वैमानिकाची टोपी. कानावरचे फुगवटे ऐकण्याच्या यंत्रासाठी, आणि मानेवरचा पदर उन्हासाठी. आणि अस्तरावरची ती अक्षरे? बहुधा एखाद्याचं नाव किंवा क्रमांक. तो माणूस कोण, हे आता कधीच कळणार नाही. आजचं माझं बोलणं म्हणजे त्या चुकीची थोडी भरपाई आहे, असं समजा.

वैमानिकाचा पोशाख दोन प्रकारचा असतो. एक वर्दी आणि दुसरे उड्डाणाचे कपडे. वर्दी माणसांना दाखवण्यासाठी असते. हा कोणत्या राज्याचा, कोणत्या हुद्द्याचा, हे ती सांगते. उड्डाणाच्या कपड्यांना मात्र दाखवायचं काही नसतं. त्यांची गाठ थंडीशी, वाऱ्याशी, आगीशी आणि पाण्याशी. राज्यकर्त्यांच्या मनात काय होतं हे वर्दीवरून कळतं, आणि माणसाच्या शरीरावर काय गुदरलं हे उड्डाणाच्या कपड्यांवरून. इतिहासाला दोन्ही साक्षी लागतात.

प्रथम थंडीचीच गोष्ट घेऊ. आपण जसजसे वर जातो तसतशी हवा थंड होत जाते. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश सेल्सिअस, असा ठोकताळा आहे. म्हणजे खाली पुण्यात ३० अंश उष्मा असला, तरी १५,००० फुटांवर पाणी गोठायची वेळ येते. पहिल्या महायुद्धातली विमाने उघडी होती. बसायच्या जागेवर छप्पर नाही, समोर काचेचा एक तुकडा, आणि ताशी शंभर मैलांचा वारा तोंडावर. वैमानिक चेहऱ्याला देवमाशाची चरबी फाशीत. आपल्याकडे थंडीत ओठांना कोकमतेल लावतात ना, तसाच तो प्रकार. हातात आधी रेशमी मोजे, त्यांवर लोकरीचे, त्यांवर कातड्याचे. आणि इतकं सगळं असूनही ब्रिटिश वैमानिकाजवळ पॅराशूट नसे! ते फक्त बलूनमधून टेहळणी करणाऱ्यांना मिळे.

या थंडीवर एक चांगला उपाय निघाला तो योगायोगाने. सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक ब्रिटिश आरमाराच्या विमानदलात होता. १९१६-१७ च्या हिवाळ्यात एकदा अचानक उड्डाणाचा हुकूम आला. विमानाच्या दुरुस्तीत तो गुंतला होता, तेलाने माखलेले कामाचे कपडे बदलायलाही उसंत मिळाली नाही, तो तसाच उडाला. खाली आल्यावर बाकीचे कुडकुडत होते आणि हा मात्र उबदार! कपड्यात मुरलेल्या तेलामुळे वारा आत शिरलाच नव्हता. यावरून त्याने एकसंध अंगरखा शिववून घेतला. आत केसाळ अस्तर, मध्ये हवा न शिरू देणारं रेशीम, वर दाट विणीचं कापड. त्याच्याच नावावरून त्याला ‘सिडकॉट’ म्हणू लागले. पुढे कित्येक वर्षे वैमानिक हाच पोशाख, थोडेफार फेरफार करून, वापरीत होते. बांधावरच्या शेतकऱ्याला पावसात इरल्याखाली जे कळतं, तेच हे शास्त्र. ऊब कापडात नसते, कापडाने अडवून धरलेल्या हवेत असते.

आता वर्दीकडे वळू. त्या काळच्या ब्रिटिश विमानदलाचा अंगरखा खाकी होता. छातीवरची एक बाजू दुसरीवर ओढून कडेला बंद करायची, गुंड्या आत लपलेल्या. आपली बाराबंदी डोळ्यांपुढे आणा, म्हणजे कल्पना येईल. तारांच्या जंजाळात गुंडी अडकू नये, हा त्यातला हिशेब. छातीवर पंखांचं चिन्ह असे, ते १९१३ पासून सुरू झालं. आणि ही खाकी तरी कोणाची? शब्द आपल्याकडचा, खाक म्हणजे माती, आणि तो रंगही प्रथम हिंदुस्थानच्या सरहद्दीवरच्या पलटणीत १८४० नंतरच्या काही वर्षांत चढला.

हा अंगरखा १९१७-१८ साली चार हिंदी तरुणांच्या अंगावर दिसला. इंद्रलाल रॉय, हरदितसिंग मलिक, एरोल सेन, आणि चौथा आपला मुंबईचा श्रीकृष्ण वेलिणकर. त्या वेळी हिंदी माणसाला लष्करात राजाचं कमिशन मिळण्याचं दार जवळजवळ बंदच होतं. खांद्यावरचा अधिकाऱ्याचा तारा हा गोऱ्या माणसाचा मान समजला जाई. मलिक यांना तर पहिल्यांदा नकारच मिळाला होता. त्यांनी फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवली, आणि पुढे ऑक्सफर्डमधील त्यांच्या शिक्षकांनी रदबदली केली तेव्हा त्यांना प्रवेश मिळाला. मलिक शीख. पगडी उतरवणार नाहीत. मग पगडीवर बसेल अशी मोठी टोपी त्यांच्यासाठी मुद्दाम करून घ्यावी लागली. एवढ्या मोठ्या साम्राज्याचा ठरलेला शिरस्त्राणाचा नमुना एका माणसाच्या निश्चयापुढे बदलला, ही गोष्ट मला एखाद्या लढाईइतकीच मोलाची वाटते.

वेलिणकर केंब्रिजला शिकत होते. ते ब्रिटिशांच्या २३ व्या स्क्वाड्रनमध्ये ‘डॉल्फिन’ विमान चालवीत. त्या विमानाची रचना अशी की वैमानिकाचं डोकं वरच्या पंखाच्या सांगाड्यातून बाहेर निघालेलं असे. खूप उंचावर उडण्यासाठी केलेलं विमान, आणि मुंबईच्या दमट हवेत वाढलेल्या त्या तरुणाचं डोकं त्या गारठ्यात उघडं! आधार काय, तर कातड्याची टोपी, चष्मा आणि ते चरबीचं लेपन. जून १९१८ मध्ये त्यांचं विमान शत्रूने पाडलं आणि थोड्याच दिवसांत ते वारले. फ्रान्समध्ये हांगार या गावच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे. रॉय त्याच वर्षी जुलैत पडले. मलिक जखमी होऊन वाचले आणि स्वतंत्र भारताचे राजदूत झाले.

१ एप्रिल १९१८ ला ब्रिटिशांचं स्वतंत्र विमानदल निघालं. खाकी गेली, आणि १९१९ मध्ये राखी-निळा रंग ठरला. हाच रंग पुढे आपल्याकडे आला. ८ ऑक्टोबर १९३२ ला हिंदी विमानदलाची कायद्याने स्थापना झाली. गंमत पहा, त्यानंतर अवघ्या आठवड्याने, १५ ऑक्टोबरला, जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईला जुहूवर उतरले. १ एप्रिल १९३३ ला कराचीजवळ ड्रिग रोडला पहिली स्क्वाड्रन उभी राहिली. चार ‘वापिटी’ विमाने, मूठभर अधिकारी, आणि साध्या शिपायाला नाव ‘हवाई सिपाही’. ही विमानेही उघडीच. वायव्य सरहद्दीवर उन्हाळ्यात खाली अंगाची लाही होई, म्हणून खाकी अर्धी विजार आणि डोक्यावर सोला हॅट. तेच हिवाळ्यात डोंगरावरून जाताना मेंढीच्या कातड्याचे जाड कपडे.

खिशात आणखी एक कागद असे. त्यावर तिकडच्या भाषांत मजकूर, की या वैमानिकाला इजा न करता परत आणून पोचवा, बक्षीस मिळेल. इंग्रजीत अशा कागदाला ‘ब्लड चिट’ म्हणतात. यातली चिट म्हणजे आपली चिठ्ठीच! एवढ्या तोफा-बंदुकांच्या राज्यात शेवटी जीव कशावर अवलंबून, तर एका चिठ्ठीवर आणि ती वाचणाऱ्याच्या दयेवर.

दुसऱ्या महायुद्धात थंडीपेक्षा आग हा मोठा शत्रू ठरला. पेट्रोलची टाकी पेटली की वैमानिकाचे हात आणि चेहरा क्षणात होरपळत. इंग्लंडमध्ये मॅकिंडो या शस्त्रवैद्यांनी असल्या तरुणांवर शस्त्रक्रिया केल्या. त्यांच्याकडे येणाऱ्यांत ज्यांनी हातमोजे काढून ठेवले होते, चष्मा कपाळावर सरकवला होता, त्यांची दशा सर्वांत वाईट असे. गळ्यातला रेशमी रुमालही नटण्यासाठी नव्हता. शत्रू मागून येतो का हे पाहण्यासाठी मान सारखी फिरवावी लागे, आणि ताठ कॉलरने ती सोलून निघे.

आपली पहिली स्क्वाड्रन १९४२ च्या फेब्रुवारीत ब्रह्मदेशात गेली, ती मुंबईकरांनी युद्धनिधीत दिलेल्या पैशांतून घेतलेली ‘लायसँडर’ विमाने घेऊन. तिथे जंगल. अर्धी विजार घालून त्या रानात उतरलेल्या माणसाचं डास, जळवा आणि काटे काय करतील ते सांगायला नको. म्हणून तिथल्या युद्धात पुढे पूर्ण बाह्यांचे, पुष्कळ खिशांचे कपडे आले. खिशांत औषध, चाकू, होकायंत्र आणि रेशमावर छापलेला नकाशा. रेशीम का? तर ते भिजून फाटत नाही आणि उलगडताना आवाज करीत नाही. आमच्या ट्रंकेतली ती टोपी याच काळातली.

१९४५ मध्ये आपल्या दलाला ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली आणि जानेवारी १९५० मध्ये, प्रजासत्ताकाबरोबर, ती गेली. टोपीवरचा राजमुकुट उतरला आणि त्या जागी अशोकाचे सिंह आले. कापड तेच, शिलाई तीच, रंग जवळजवळ तोच. एक बोटभर चिन्ह बदललं, पण ते घालणारा माणूस कोणाला सलाम करतो हेच त्याने बदलून गेलं. १ एप्रिल १९५४ ला सुब्रतो मुखर्जी पहिले भारतीय दलप्रमुख झाले. १९३३ च्या त्या मूठभर अधिकाऱ्यांतलेच ते एक. काश्मीरच्या युद्धात महावीर चक्र मिळवणारे हृषीकेश मुळगावकर हे आपले मुंबईकर पुढे १९७६ मध्ये दलप्रमुख झाले.

आज लोहगावच्या तळावरून सुखोई उठते तेव्हा आमच्या तळवड्यातही मान वर होते. आतला वैमानिक बंद काचेखाली असतो, त्याला वारा लागत नाही. पण वेगाने वळताना त्याचंच वजन त्याच्यावर कित्येक पटींनी बसतं, रक्त पायांकडे ओढलं जातं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून पायांना आणि पोटाला हवेने आवळणारी विजार त्याला घालावी लागते. शत्रू बदलला, म्हणून कपडा बदलला. एवढंच या इतिहासाचं सूत्र.

तेव्हा श्रोतेहो, एक विनंती. देहूरोड, खडकी, लोहगाव या पट्ट्यात लष्कराशी संबंध नाही असं घर विरळा. तुमच्याही माळ्यावर एखादी वर्दी, एखादा कोट, एखादी गुंडी असेल. ती धुऊ नका. उन्हात तापवू नका, पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. आणि मुख्य म्हणजे कॉलरच्या आत, अस्तरावर, खिशाच्या तळाशी काही लिहिलेलं आहे का ते आधी बघा, आणि कागदावर उतरून घ्या. घरातल्या वृद्धांना ती वस्तू कोणाची, कुठून आली, हे आजच विचारा.

आमच्या टोपीचं नाव गेलं ते गेलं. तुमच्याकडचं अजून असेल.