एका रविवारच्या वर्गांतून निघालेलें पुराण

रविवारीं मिस्सा आटोपली, कीं मोठीं माणसें देवळाच्या आवारांत बोलत उभीं राहतात आणि मुलें धर्मशिक्षणाच्या वर्गाला जातात. हा क्रम आपल्या इतका अंगवळणीं पडला आहे, कीं त्याला कांहीं इतिहास असेल असें सहसा मनांत येत नाहीं. परंतु मराठी ख्रिस्ती वाङ्मयांतील सर्वांत थोर ग्रंथाचा उगम अशाच एका वर्गांत सांगितलेला आहे. आणि त्याचें निमित्त झाला तो शिकवणारा नव्हे, तर ऐकणारा. महोत्सवाच्या या पुस्तकांत ती हकीकत सांगणें उचित होईल.

फादर थॉमस स्टीफन्स हे जन्मानें इंग्रज, येशूसंघाचे धर्मगुरु. 1579 च्या ऑक्टोबरांत ते गोव्यास उतरले आणि पुढें 1619 सालीं देह ठेवीपर्यंत त्यांचें बहुतेक आयुष्य साष्टी प्रांतांत गेलें. तो काळ शांततेचा नव्हता. साष्टींतील हिंदूंचीं देवळें पाडलीं गेलीं होतीं. 1583 सालीं कुंकळ्ळी येथें येशूसंघाचे पांच जण मारले गेले. नव्यानें बाप्तिस्मा घेतलेल्या लोकांच्या घरांतून जुन्या पोथ्या गेल्या होत्या, आणि त्यांच्या जागीं दुसरें कांहीं आलें नव्हतें.

ख्रिस्तपुराणाच्या आरंभींच स्टीफन्स सांगतात, कीं एका रविवारीं, दुपार कलल्यावर, पाद्री मुलांना धर्मतत्त्वें शिकवीत होते. तेव्हां एक ब्राह्मण ख्रिस्ती नमस्कार करून पुढें आला आणि बोलला, कीं ही शिकवण नवख्यांना ठीक आहे. परंतु आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्हीं वर्ज्य केलीं, तर तशाच प्रकारचें दुसरें कांहीं आम्हांला वाचावयास कां देत नाहीं? हा प्रसंग जसाच्या तसा घडला कीं कवीनें रचला, हा वाद विद्वानांनीं करावा. आम्हांस विशेष वाटतें तें हें, कीं शिष्याची तक्रार गुरूनें लपविली नाहीं. आपल्याच ग्रंथाच्या दारांत ती उभी केली. प्रश्नोत्तरें पाठ होतात, पण रिकाम्या वेळीं माणूस प्रश्नोत्तरें घोकीत बसत नाहीं. त्याला कथा हवी असते, हें त्या शिष्यानें बरोबर ओळखलें होतें.

उत्तराची तयारी एका आठवड्याची नव्हती. 1583 सालच्या एका पत्रांत स्टीफन्स आपल्या बंधूस लिहितात, कीं येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन यांच्या घडणीशीं मिळतीजुळती आहे. भाषेकडे ज्याचें असें लक्ष होतें, तो गृहस्थ 1616 सालीं, म्हणजे गोव्यास आल्यावर सदतीस वर्षांनीं, सुमारें 11,000 ओव्यांचें पुराण राशोल येथें छापवून लोकांपुढें ठेवतो. पहिल्या पुराणांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या प्रतीक्षेपर्यंतचा जुना करार, दुसऱ्यांत ख्रिस्ताचें चरित्र. मध्येंच श्रोते शंका विचारतात आणि पाद्री-गुरु त्यांचें निरसन करतात. वर्ग चालूच आहे असें वाचणाऱ्यास वाटतें.

भाषेविषयीं त्यांनीं केलेला निवाडा प्रत्येक शिक्षकानें पाहण्याजोगा आहे. ग्रंथ मराठींत लिहिला; परंतु शुद्ध मराठी सामान्य जनांस कळत नाहीं, म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द टाकून ब्राह्मणांच्या भाषेंतले, म्हणजे कोंकणींतले, सोपे शब्द जागोजागीं मिसळले, असें ते प्रस्तावनेंत स्वतःच सांगतात. मुलांच्या धर्मशिक्षणासाठीं त्यांनीं केलेलें प्रश्नोत्तररूप पुस्तक तर कोंकणींतच आहे. तें त्यांच्या मृत्यूनंतर 1622 सालीं निघालें. ऐकणारा बदलला कीं भाषा बदलावयाची, हा त्यांचा शिरस्ता. भोरजवळच्या उत्रोलीसारख्या गावीं मुलाची घरची मराठी एक आणि प्रार्थनेच्या पुस्तकांतील दुसरी असते; तेथें वर्ग घेणाऱ्यालाहि शनिवारीं रात्रीं हेंच काम पुरतें.

एक गोष्ट मात्र स्टीफन्स यांना साधली नाहीं. देशी अक्षरांत छापतां यावें म्हणून 1608 सालीं त्यांनीं वरिष्ठांकडे मागणी केली होती. पण तसे खिळे मिळाले नाहींत, आणि मराठी ओव्या रोमन अक्षरांत छापल्या गेल्या. 1649 व 1654 सालीं ग्रंथ पुन्हां निघाला. तो रविवारीं व सणावारीं देवळांतून वाचीत. पुढें 1684 सालीं पोर्तुगीज सरकारनें लोकांनीं तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम काढला. ज्या सत्तेच्या छायेखालीं हें पुराण जन्मलें, तिनेंच त्याच्या भाषेवर हात टाकावा, ही गोष्ट कोणाहि मराठी ख्रिस्ती माणसास खटकल्याशिवाय राहणार नाहीं. सांप्रत त्या तिन्ही आवृत्त्यांची एकहि प्रत उपलब्ध नाहीं. ग्रंथ टिकला तो भाविकांनीं हातानें उतरून घेतलेल्या नकलांमुळें.

त्या नकलांवरून 1907 सालीं मंगळुरास सालढाणा यांनीं तो पुन्हां छापला, तोहि रोमन लिपींतच. देवनागरींतील एक हस्तलिखित लंडन येथील मार्सडेन संग्रहांत सांपडलें. अखेर 1956 सालीं शांताराम बंडेलू यांनीं आपल्या पुण्यांत संपूर्ण ख्रिस्तपुराण देवनागरींत प्रसिद्ध केलें. त्या ब्राह्मणानें मागितलेली पोथी साध्या मराठी वाचकाच्या हातीं त्याच्या स्वतःच्या अक्षरांत पडावयास, पहिल्या छपाईपासून तीनशें चाळीस वर्षें लागलीं.