ग्रंथालयात घडलेला महापौर : विल्यम हार्ट्सफील्ड

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी ज्या अमेरिकेतून १९१० साली बोर्डन या ग्रंथालयतज्ज्ञास बडोद्यास पाचारण केले, त्याच अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत ग्रंथालयाचे दार सर्वांना उघडे नव्हते. जॉर्जियाची राजधानी अटलांटा येथे कार्नेगी यांच्या देणगीतून १९०२ साली भव्य ग्रंथालय उभे राहिले. विख्यात कृष्णवर्णीय विद्वान डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांनी तेव्हाच शिष्टमंडळ नेऊन आपल्या बांधवांसाठी प्रवेश मागितला. तो नाकारण्यात आला. पुढे १९२१ साली ऑबर्न अ‍ॅव्हेन्यूवर त्यांच्यासाठी निराळी शाखा काढण्यात आली, इतकेच.

या ग्रंथालयाने एका गौरवर्णीय तरुणाला मात्र घडविले. विल्यम हार्ट्सफील्ड यांचा जन्म १८९० चा. शालेय शिक्षणही अपुरे राहिलेले. वकिलांच्या कचेरीत कारकुनी करता करता ते ग्रंथालयात बसून वाचीत आणि तेथूनच कायद्याचा अभ्यास करून १९१५ साली वकील झाले. ग्रंथालय हेच आपले विद्यापीठ, असे ते अभिमानाने सांगत. १९३७ साली ते महापौर झाले आणि मधला अल्प काळ वगळता १९६२ च्या आरंभापर्यंत त्या पदावर राहिले. ज्या वाचनकक्षाने त्यांना वर आणले, तेथे नगरातील एक तृतीयांश रहिवाशांना बसण्याची मुभा नव्हती. या विसंगतीने त्यांना आरंभी अस्वस्थ केले असे म्हणणे वस्तुस्थितीला सोडून होईल. त्या काळच्या इतर गौरवर्णीय पुढाऱ्यांप्रमाणेच तेही वर्णभेद गृहीत धरून चालत होते.

बदल घडला तो मतपेटीमुळे. १९४६ साली न्यायालयाच्या निर्णयाने जॉर्जियातील प्राथमिक निवडणुका कृष्णवर्णीयांना खुल्या झाल्या. जॉन वेस्ली डॉब्ज आणि वकील ए. टी. वॉल्डेन यांसारख्या नेत्यांनी घरोघर फिरून मतदार नोंदविले. काही आठवड्यांत नोंदणी वीस हजारांपुढे गेली. १९४८ साली नगराच्या पोलीस दलात आठ कृष्णवर्णीय शिपाई नेमले गेले. त्यांना गौरवर्णीयाला अटक करण्याचा अधिकार नव्हता, आणि गणवेश चढविण्यासाठी पोलीस ठाण्यातही जागा नव्हती! अर्ध्या हाताने दिलेले हे दान होते. तरी ते शिपाई रस्त्यावर दिसू लागले, हे नाकारता येत नाही.

हार्ट्सफील्ड यांची रीत अशी की, कायद्याशी उघड झुंज न घेता वाट काढावयाची. १९५७ च्या जानेवारीत रेव्हरंड बॉर्डर्स आणि त्यांचे सहकारी धर्मोपदेशक बसच्या पुढील आसनांवर बसले. राज्याचा कायदा मोडल्याबद्दल त्यांना अटक झाली खरी. पण पोलीसप्रमुख हर्बर्ट जेंकिन्स यांच्याशी ती आधीच ठरलेली होती, म्हणजे न्यायालयात दावा उभा राहावा. दोन वर्षांनी तो निकाल कृष्णवर्णीयांच्या बाजूने लागला. द्वेषाला सवड नसलेले, कामात गर्क असलेले नगर, अशी अटलांटाची ओळख महापौर अभिमानाने करून देत. त्या बोलण्यात व्यापाऱ्याचा हिशेब होता. परंतु १९५८ च्या ऑक्टोबरात ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात स्फोट झाला, तेव्हा त्याच महापौरांनी विद्वेष पसरविणाऱ्या राजकारण्यांना निःसंदिग्ध शब्दांत दोषी धरले.

ग्रंथालयाचा प्रश्न निघाला तो स्पेलमन महाविद्यालयाच्या विद्यार्थिनींमुळे. त्या मुख्य ग्रंथालयात जात आणि शांतपणे पुस्तके मागत. इतिहासाचे प्राध्यापक हॉवर्ड झिन त्यांच्या पाठीशी होते. दावा दाखल होण्याच्या बेतात असतानाच, १९५९ च्या मे महिन्यात, ग्रंथालयाच्या मंडळाने गाजावाजा न करता भेद रद्द केला. सभासदपत्र घेण्यास ज्या प्रथम पुढे झाल्या त्या स्पेलमनमधील फ्रेंचच्या प्राध्यापिका आयरीन डॉब्ज जॅक्सन, मतदार नोंदविणाऱ्या जॉन वेस्ली डॉब्ज यांच्या कन्या. फ्रेंच साहित्यातील या विदुषीला आपल्याच गावच्या ग्रंथालयातून पुस्तक नेण्यासाठी १९५९ उजाडावे लागले! दु बॉइस यांच्या मागणीला तोवर सत्तावन्न वर्षे लोटली होती.

३० ऑगस्ट १९६१ रोजी नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थी चार माध्यमिक शाळांत दाखल झाले. लिटल रॉक येथे १९५७ साली लष्कर आणावे लागले होते. येथे पत्रकारांना नगरगृहात बसवून, चोख पोलीस बंदोबस्तात दिवस शांततेत पार पडला. अध्यक्ष केनेडी यांनी त्याच सायंकाळी नगराची प्रशंसा केली. पुढील जानेवारीत हार्ट्सफील्ड निवृत्त झाले.

१९७१ साली ते निवर्तले आणि ज्या विमानतळासाठी त्यांनी १९२५ पासून खटपट केली, त्याला त्यांचे नाव मिळाले. आयरीन जॅक्सन यांचे पुत्र मेनार्ड १९७३ साली निवडून आले आणि अटलांटाचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. २००३ साली त्यांचे निधन झाल्यावर विमानतळाच्या नावात त्यांचेही नाव जोडण्यात आले.