तेरा काकिण्यांची खिचडी

आज विषय गणिताचा आहे, पण सुरुवात वाण्याच्या दुकानापासून करू.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘लीलावती’ लिहिली. त्यात मिश्रणाचे एक उदाहरण आहे. एका द्रम्माला साडेतीन मानक तांदूळ मिळतात आणि एका द्रम्मालाच आठ मानक मूग. मानक हे धान्याचे माप. दुकानापुढे उभ्या असलेल्या प्रवाशाच्या हातात तेरा काकिण्या आहेत. त्याला दोन भाग तांदूळ आणि एक भाग मूग हवेत. तेही लवकर, कारण दोन घास खाऊन निघायचे आहे आणि तांडा पुढे जाणार आहे.

खिचडी हा शब्द भास्कराचार्य वापरत नाहीत. पण दोन भाग तांदूळ आणि एक भाग मूग एकत्र घेऊन प्रवासी माणूस दुसरे काय शिजवणार? कूच करायच्या सकाळी लंगरासमोर उभे राहून ज्याने एकदा भांड्याकडे आणि एकदा घड्याळाकडे पाहिले आहे, त्याला या माणसाची घाई समजावून सांगावी लागत नाही.

आता हे उदाहरण सोडवू. चार काकिण्यांचा एक पण आणि सोळा पणांचा एक द्रम्म, म्हणजे द्रम्माच्या चौसष्ट काकिण्या. हे कोष्टक ग्रंथाच्या सुरुवातीला दिले आहे. उदाहरणात ते पुन्हा दिलेले नाही, आठवणीतूनच काढायचे. दोन मानक तांदूळ आणि एक मानक मूग घेतले तर किती काकिण्या लागतील? तांदळाच्या दोनशे छप्पन भागिले सात आणि मुगाच्या आठ, मिळून तीनशे बारा भागिले सात, म्हणजे साडेचव्वेचाळीसच्या जरा वर. हातात आहेत तेरा. तेरा हा त्या रकमेचा ७/२४ भाग. म्हणून मूग ७/२४ मानक आणि तांदूळ त्याच्या दुप्पट, ७/१२ मानक. पैशाची वाटणी तपासा: तांदळाचे १० २/३ आणि मुगाचे २ १/३. बेरीज तेरा.

यात गुणाकार-भागाकार सगळ्यात शेवटी आले. त्याआधी दोन भाव, एक बटवा, एक प्रमाण आणि नाण्यांचे कोष्टक एवढे डोक्यात धरावे लागले. ‘दोन भाग’ हे वजनाचे की पैशाचे, हेही ठरवावे लागले. मुले अडतात ती इथे. पाढे येत नाहीत म्हणून अडणारी मुले त्या मानाने कमी.

याच्या शेजारी आजचे नेहमीचे उदाहरण ठेवा. राजूकडे पाच आंबे होते, आईने तीन दिले, आता एकूण किती? ‘एकूण’ दिसले की बेरीज, ‘उरले’ दिसले की वजाबाकी, अशी युक्ती शिकवणारे शिकवणीवाले गल्लोगल्ली आहेत. मूल वाक्य वाचतच नाही, आकडे उचलते. माझी एक साधी कसोटी आहे. आंब्यांच्या जागी खिळे घालून पाहा. काहीच बदलत नसेल, तर त्या उदाहरणात खाण्याचा काही संबंध नव्हता, चित्रापुरताच आंबा होता. वाटसरूच्या हाती मात्र तांदूळ-मुगाऐवजी खिळे देऊन बघा, सगळा प्रश्नच कोसळतो.

ही जाण फार जुनी आहे. इजिप्तमध्ये ख्रिस्तपूर्व १५५०च्या सुमारास आह्मेस नावाच्या लेखनिकाने उतरवून घेतलेला पपायरस आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यातले निम्मे जग पाव आणि बिअरचे आहे. एका उदाहरणात शंभर पाव दहा माणसांत वाटायचे आहेत. घाई करणारा विद्यार्थी ‘प्रत्येकी दहा’ लिहून मोकळा होईल. पण त्या दहांत एक नावाडी, एक मुकादम आणि एक दारवान आहे, आणि या तिघांना दुप्पट वाटा द्यायचा आहे. म्हणजे माणसे दहा, वाटे तेरा. आमच्या कॉलनीतल्या तिसरी-चौथीच्या मुलांना मी हेच सव्वीस लाडवांवर देतो. साध्या माणसाला दोन, तिघांना चार-चार. पहिला वाद गणिताचा होत नाही, दारवानाला दुप्पट का, याचा होतो. तो वाद मी थांबवत नाही. तो घालणाऱ्या पोराने उदाहरण वाचलेले असते.

आपल्याकडे असे गणित शिकवण्याची सोयसुद्धा धान्य-तेलावरच झाली होती. चाळीसगावजवळ पाटणे येथे एक शिलालेख आहे, तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेव-हेमाडिदेव या भावांच्या कारकिर्दीत, १२०७ च्या सुमारास, त्याला दान मिळाले. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, आणि मला तोच सर्वांत वाचनीय वाटतो. जितके घाणे चालतील तितक्यांमागे मठाला पळी-पळी तेल. गावात जे काही मापायचे ते मठाच्या मापाने मापायचे, आणि मापण्याचा जो आकार मिळेल त्यातला अर्धा मठाला, अर्धा मापाड्याला. कल्पना करा, ‘लीलावती’ शिकणाऱ्या पोरांच्या दिव्यातले तेल घाण्यावरून आले असेल आणि बाजारातले माप त्यांच्याच मठाचे. मापात फरक पडला तर तो कुठल्या वहीत नाही, पानातल्या भातात दिसणार.

आता एक उदाहरण जे माझ्या पेशातल्या माणसाला विसरता येत नाही. शाळेत आपण सगळ्यांनी सोडवले आहे: किल्ल्यात इतकी माणसे, इतके दिवस पुरेल इतका शिधा, मग अमुक दिवसांनी अमुक माणसे वाढली, तर शिधा किती दिवस पुरेल? व्यस्त त्रैराशिक. १९१५च्या डिसेंबरात हा प्रश्न मेसोपोटेमियात, टायग्रिस नदीच्या वळणावर, कुत-अल-अमारा या गावात खराखुरा पडला. जनरल टाउनशेंड यांची सहावी, म्हणजे पुण्याची, डिव्हिजन तिथे तुर्कांच्या वेढ्यात अडकली. तीत १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. म्हणजे आपल्याच सातारा-रत्नागिरीकडची माणसे.

शिधा किती दिवस पुरेल, याचे उत्तर टाउनशेंड यांनी आधी थोडक्या दिवसांचे कळवले. जानेवारीच्या मध्यावर ते सुमारे तीन आठवडे होते. सुटकेसाठी निघालेली फौज त्या हिशोबाने घाईने, तोफा आणि माणसे पुरती जमायच्या आत, चिखलातून पुढे ढकलली गेली. २१ जानेवारी १९१६ला हन्नाच्या मोर्चावर तिचे सुमारे सत्तावीसशे लोक मेले किंवा जखमी झाले. त्यानंतर चारच दिवसांनी कुतहून कळवले गेले की चौऱ्याऐंशी दिवस टिकता येईल. मधल्या काळात आकाशातून धान्य पडले नव्हते. घराघरांतून झडती घेतली, तेव्हा साठे सापडले. घोडे-खेचरेही हिशोबात धरली गेली.

भागाकार कुणाचाच चुकला नव्हता. चुकले होते ते उदाहरणाचे वाचन. किती तोंडे? फौज, तिच्याबरोबरचे नोकरचाकर, शिवाय गावातले सुमारे सहा हजार रहिवासी. किती धान्य? कोठारातले की घरांतलेही? आणि तबेल्यातले घोडे कुठल्या बाजूला लिहायचे? ते दाणा खातात, आणि वेळ आली की तेच शिधा होतात. त्यातही आपले बरेच शिपाई घोड्याचे मांस खायला बराच काळ तयार नव्हते, म्हणजे कागदावरचा तो शिधा पानात पोचतच नव्हता. जव होते, पण दळायला जाती अपुरी पडली, तेव्हा विमानातून जात्याच्या तळ्या टाकाव्या लागल्या. २९ एप्रिलला, १४७ दिवसांनी, कुत पडले. एकट्या टाउनशेंडवर सगळे खापर फोडणे मला पटत नाही, वरच्या कचेऱ्यांनीही उलट प्रश्न विचारले नाहीत. पण वेढा पडल्याच्या पहिल्या आठवड्यात झडती का घेतली नाही, याला मला आजवर समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

म्हणून मुलांना शिध्याचे उदाहरण देताना मी आकडे आधी देत नाही. आधी विचारायचे: जेवायला कोण कोण आहे? डब्यात काय आहे, आणि अजून कुठे काही ठेवलेले आहे का? मोजायचे कशाने? वाटी घरात खरी आणून ठेवावी. तांदूळ साठ रुपये किलो, मूगडाळ एकशेवीस रुपये किलो, हातात एकशेवीस रुपये, तांदूळ डाळीच्या दुप्पट हवा. किती किती घेशील? दहा वर्षांचे मूल हे बोटांवर करते: दोन किलो तांदूळ आणि एक किलो डाळीला दोनशे चाळीस, आपल्याकडे निम्मे, म्हणून एक किलो तांदूळ आणि अर्धा किलो डाळ. तोच भास्कराचार्यांचा वाटसरू, फक्त अपूर्णांक सोपे केलेला.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात बाजारात माल विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५मध्ये प्रसिद्ध झाला. गाडीवर विचारलेल्या हिशोबांत ती जवळजवळ चुकतच नव्हती, शेकडा अठ्ठ्याण्णव बरोबर. तसेच हिशोब कागदावर नुसत्या आकड्यांत दिले तर शेकडा सदतीस, आणि शाब्दिक उदाहरण म्हणून दिले तर चौऱ्याहत्तर. बारा वर्षांच्या एका नारळवाल्याने पस्तीसच्या दराने दहा नारळांची किंमत सांगताना तिनाच्या गठ्ठ्यांनी मोजले: एकशेपाच, दोनशेदहा, तीनशेपंधरा, आणि वर एक. दहाने गुणताना शून्य द्यायचे, हे त्याला सुचले नाही. किंमत मात्र बरोबर सांगितली.

जाता जाता एक उदाहरण घरी घेऊन जा. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. त्यात वनात त्रेसष्ट सारखे ढीग केळ्यांचे आहेत, आणि वर सात सुटी केळी. तेवीस प्रवाशांनी सगळी सारखी वाटून घेतली, एकही उरले नाही. प्रत्येक ढिगात किती केळी? आमच्या कॉलनीतल्या एका सहावीच्या मुलीने एकेक आकडा घालून पाहत पाच काढले. प्रत्येकाला चौदा केळी. मग तिनेच विचारले की अठ्ठावीसही चालतात ना? चालतात, गणित बिनचूक बसते. तिने वाटणी केली, प्रत्येकी सत्त्याहत्तर केळी आली. वहीत अठ्ठावीसवर काट मारून तिने शेजारी लिहिले, ‘एवढी कोण खाणार?’