विद्यार्थ्यांचे वक्तृत्व आणि गोमंतकाच्या दोन परंपरा

महाविद्यालयाच्या निवडणुकीत बोलावयास उभा राहिलेला पेडण्याचा अथवा डिचोलीचा विद्यार्थी एकच शब्द तीन वेळा उच्चारतो, ज्याचे उत्तर सभेला आधीच ठाऊक आहे असा प्रश्न विचारतो आणि दोन विरोधी चित्रे शेजारी ठेवून भाषण संपवितो. पुनरुक्ती, प्रश्न आणि विरोध ही साधने त्याने बहुधा ग्रंथातून घेतलेली नसतात. तरीही ती फार जुनी आहेत. गोमंतकात ती दोन वाटांनी आली.

पहिली वाट लॅटिनची. जुने गोवे येथील सेंट पॉल महाविद्यालयात सोळाव्या शतकापासून लॅटिन भाषा आणि वक्तृत्वशास्त्र शिकविले जाई. विषयाचा शोध, मांडणी, शब्दयोजना, स्मरण आणि उच्चार ही भाषणाची पाच अंगे त्या शास्त्रात मानीत. दुसरी वाट देवळाच्या सभामंडपातली. डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीज सत्तेखाली आले. या नव्या काबिजादीत कीर्तन-पुराणाची परंपरा टिकून राहिली. नारदीय कीर्तनाचीही अंगे पाचच: नमन, पूर्वरंग, नामगजर, उत्तररंग आणि अखेरची प्रार्थना. हरिदास पूर्वरंगात सिद्धांत मांडतो व उत्तररंगातील आख्यानाने तो पटवून देतो. पेडण्याकडील दशावतारी नट तर लिखित संहितेवाचून संवाद रचतो आणि प्रतिपक्षाचेच वाक्य उचलून त्याच्यावर उलटवितो.

या दोन्ही वाटा एका ग्रंथात पूर्वीच भेटल्या होत्या. लॅटिन विद्येत घडलेल्या फादर स्टीफन्स यांनी मराठी ओवीत रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. त्यात मराठीची थोरवी सांगताना ते उपमेमागून उपमा योजतात. परक्याला आपलेसे करण्याचे सामर्थ्य अलंकारात कसे असते, याचे ते उत्तम उदाहरण होय.

साधने होती, सभा मात्र नव्हती. १९२६ नंतरच्या हुकूमशाहीत परवानगीवाचून सभा घेणे आणि तपासणीवाचून लेख छापणे निषिद्ध झाले. आदेओदातो बार्रेतो प्रभृती गोमंतकीय विद्यार्थ्यांनी १९२८ मध्ये ‘इंदिया नोव्हा’ हे पत्र काढले, ते स्वदेशी नव्हे, तर पोर्तुगालातील कोइंब्रा येथे. १८ जून १९४६ रोजी मडगावच्या सभेत डॉ. राममनोहर लोहिया यांना अटक झाली. बोलण्याचा हक्क हाच त्या सभेचा विषय होता.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि तो हक्क मिळाला. त्याची कठीण कसोटी १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात लागली. मतपत्रिकेवर दोनच चिन्हे होती: महाराष्ट्रात विलीन होण्यासाठी फूल, वेगळे राहण्यासाठी दोन पाने. पेडणे व डिचोलीचा कौल फुलाकडे झुकला. गोवा, दमण व दीव मिळून विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरुद्ध १,७२,१९१ मते पडली. ‘हे की ते’ हा विरोध अलंकार अशा वेळी फार प्रभावी ठरतो, परंतु तो तिसऱ्याला जागा ठेवीत नाही. निकाल लागला तरी ही सारी माणसे त्याच गावांत राहावयाची होती आणि त्यांची मुले त्याच बाकांवर बसावयाची होती.

पुढे १९७८-७९ मध्ये विद्यार्थ्यांनी बसभाड्यात ५० टक्के सवलत मिळावी म्हणून आंदोलन उभारले. तेथे पुन्हा पुन्हा उच्चारावयाची गोष्ट एक आकडा होता. तो कोणालाही आपल्या खिशातील पैशांशी ताडून पाहता येत होता आणि तो कोणत्याही जातीचा, धर्माचा वा तालुक्याचा नव्हता. पुनरुक्ती तीच, पण तिच्या पाठीशी पडताळता येणारे सत्य होते.

म्हणून विद्यार्थ्याला अलंकार शिकविताना दोन प्रश्नही शिकवावयास हवेत. जे तीनदा सांगितले, ते एकदा तपासले काय? आणि ज्या दोन बाजू मांडल्या, त्यांच्या बाहेर कोणी उरले काय? हरिदासाचा पूर्वरंग कच्चा असेल तर रंगलेले आख्यानही फुकट जाते, हे पेडणे-डिचोलीच्या जुन्या श्रोत्यांना ठाऊक होते. निवडणुकीच्या सभेतील तरुण श्रोत्यांनीही वक्त्याकडून तेवढेच मागावे.